मधल्या वळणावरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. वेताची बैठक, सागवानी पाय आणि पाठीला एक आडवी चीर. सध्या मुक्काम गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून.

सुताराने घडवलेल्या आम्ही सहा बहिणी तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे आलो. वीस वर्षं लोकांचे खोकले ऐकले. दवाखाना बंद झाला तेव्हा बाकीच्या पांगल्या. मला मात्र कोणीतरी जिन्यात आणून ठेवलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. चार मजले, लिफ्ट नाही, आणि चढणारे सगळेच काही हरणाच्या पायाचे नव्हते.

मला खरा मान दिला तो चौथ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींनी. त्यांचा एक गुडघा वाकत नसे. तरी रोज चारला त्या उतरत, पलीकडच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीची वेणी घालत आणि सहाला परतत. येताना माझ्यापाशी थांबत. "सरक गं बाई," म्हणत, जशी काही मीच जागा अडवून बसले होते. "ताई म्हणते, वेणी सैल झाली. डोक्यावर केस चार, आणि तोरा बघा!" मग दम खाऊन पुढच्या पायऱ्या चढत.

एके दिवशी लिफ्ट आली. फुगे लागले, फीत कापली. सेक्रेटरी म्हणाले, "आता जिन्यात अडगळ कशाला?" आणि मी गच्चीवर आले. आठ महिन्यांनी लिफ्ट बंद पडली. "पार्ट येतोय," असं सेक्रेटरी सांगतात. सात महिने झाले; पार्ट पायी निघाला असावा.

मावशींच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर माझ्या खाली आहे. ताईंना ऐकू कमी यायचं, म्हणून मावशी फोनवर ओरडून बोलायच्या आणि मला सगळं कळायचं.

"अगं, काल तुझ्याकडे येताना वळणावर स्टूल ठेवलं होतं! म्हटलं, परत जाताना टेकेन. येऊन बघते तर गायब. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी उचलून माझ्या दारात नेऊन ठेवलेलं. म्हणाली, मावशी, विसरला होतात ना! आता तिला काय बोलू? चांगल्या मनाने केलं पोरीने. मग काय, पायरीवर बसले, तर उठता येईना. दोघांनी काखेत धरून वर आणलं."

त्यानंतर सगळ्या बिल्डिंगने मावशींची काळजी घेतली. "तुम्ही उतरूच नका. काय हवं ते सांगा, आणून देतो." आणि खरंच आणून देत. दूध, औषधं, दोऱ्याची रिळं, बटणंसुद्धा. फक्त ताई काही आणून देता येत नव्हती. काखेत धरून वर आणावं लागलेल्या बाईला 'मला पुन्हा खाली जायचंय' म्हणायची लाज वाटते.

"उद्या येते गं, उद्या नक्की," हे मी रोज ऐकलं.

गेल्या आठवड्यात फोन वाजला आणि मावशी पहिल्यांदाच हळू बोलल्या. "कधी?" मग, "केस विंचरले होते का कोणी?"

त्या दुपारी चौघांनी मावशींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. कठड्याच्या जाळीतून मी पाहिलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. संध्याकाळी तसंच वर आणलं. तेव्हापासून खालच्या खिडकीतून शिलाई मशीनचाही आवाज येत नाही.

माझी बैठक पावसात कुजली आहे. आता मला खाली नेऊन उपयोग नाही, आणि कोणी नेणारही नाही. पण मित्रांनो, तुम्ही धावत जिना चढता, म्हणून सांगते. मधल्या वळणावर एखादी खुर्ची, स्टूल, अगदी उलटी बादली दिसली, तर आवराआवर करू नका. ती तिथेच असू द्या. कोणीतरी अजून वर यायचं असतं.