चंदा सिस्टरची दुपटी

चंदा सिस्टरच्या हातून जन्मलेल्या प्रत्येक बाळाला घरी जाताना एक दुपटं मिळायचं, आणि त्यात कुणाचा वशिला चालायचा नाही. साहेबाची सून असो की भाजीवालीची लेक, सगळ्यांना सारखंच: जुन्या सुती लुगड्याचं, दोन पदरी, हातशिलाईचं. अमरावतीच्या त्या दवाखान्यात तिची बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात घरातली, शेजारची आणि अर्ध्या गल्लीची लुगडी तिनं संपवली होती. "चंदाबाई आली, वाळत घातलेलं आत घ्या वं," असं गल्लीतल्या बायका ओरडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच जुन्या लुगड्यांचं गाठोडं आणून द्यायच्या.

एका बाबतीत मात्र ती कुणाचंच ऐकायची नाही. तिचं माहेर रिद्धपूरचं, घर महानुभाव पंथाचं. मुंगी दिसली तर पाऊल बाजूला टाकणाऱ्या आईची ती लेक. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिनं मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं होतं, "मॅडम, दिवसरात राबवा, पन गर्भ पाडाचं काम मले सांगू नका. माह्या हातून होनार नाई."

मॅडमचा चेहरा बदलला, तशी बेबीताई मध्ये पडली. बेबीताई अकोल्याच्या जुन्या शहरातली, नर्सिंगच्या शिक्षणापासूनची चंदाची मैत्रीण, जिभेनं तिखट आणि मनानं लोणी. "तिच्या वाटचं मी करते, मॅडम. माह्या रविवारच्या ड्यूट्या तिनं कराच्या."

झालं, ठरलं. तेव्हापासून वॉर्डातल्या हिरव्या पडद्यापलीकडच्या दोन खाटा बेबीताईच्या. चंदा तिकडच्या बायकांना कधी वाईट बोलली नाही. पण तिकडे पाण्याचा पेलासुद्धा तिनं कधी नेऊन दिला नाही.

आणि एका सोमवारी प्रणाली आली. चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यातली ही पोर. तीन वर्षांपूर्वी पहिल्या मुलीच्या वेळी तिनं कळांमध्ये चंदाचं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी फुटली होती. तेव्हापासून दर दिवाळीला तिचा फोन ठरलेला. आता पाचवा महिना होता, आणि बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नव्हती. ते जगणार नाही, असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. प्रणाली आणि तिचा नवरा गजेंद्र आठ दिवस रडले आणि मग त्यांनी ठरवलं.

चंदाला पाहताच प्रणालीचा जीव भांड्यात पडला. "ताई, तुमीच राहाल ना माह्याजवळ?"

"बेबीताई हाये ना, बाई. लय चांगली हाये थे," एवढं बोलून चंदा सामानाच्या खोलीत शिरली आणि नीट लावलेले हातमोज्यांचे डबे उगीच परत लावत बसली.

तासाभरानं बेबीताई तिथं येऊन उभी राहिली. "पोरगी तुले बोलवून राहिली."

"बेबे, तुले माहीत हाये."

"माहीत हाये. गोळ्या म्या देल्या, पुढचंही समदं मीच करीन. तू नुसती तिच्याजवळ बस."

"बसलं म्हंजे करू लागल्यासारखंच झालं."

एरवी बेबीताईनं यावर दोन टोमणे मारले असते. आज ती स्टुलावर टेकली. "चंदे, बावीस वर्सं तुह्यासाठी भांडली, पुढंही भांडीन. पन थे पोरगी तुले कामासाठी नाई बोलवत. भेली हाये म्हनून बोलवते."

चंदा पडद्यापर्यंत गेली आणि तिथूनच मागे फिरली. दुपारी आतून प्रणालीची हाक आली, "ताई!" तशी बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं तो पडदा सारला. बांगड्या मागे सरकवल्या आणि मनगट पुढं केलं.

प्रणालीनं ते घट्ट धरलं. दोन कळांच्या मध्ये हळूच विचारलं, "ताई, यालेही दुपटं भेटन का? का थे जित्त्या लेकरालेच भेटते?"

चंदानं बेबीताईकडे पाहिलं. "तू कशात गुंडाळते वं?"

"कागदात. गॉजची पट्टी असली तं पट्टीत."

दुपट्यांचं कपाट पडद्यापासून चार पावलांवर होतं. आपण हात राखले ते बरोबरच, असं चंदाला आजही वाटत होतं. पण हात राखता राखता मायासुद्धा राखून ठेवली, हे तिला आज कळलं आणि तिची तिलाच लाज वाटली. त्या दोन खाटांवरून किती बाया रिकाम्या हातांनी गेल्या असतील!

"भेटते ना, बाई," ती म्हणाली. "माह्या मायच्या लुगड्याचं देते तुह्या लेकराले."

आईच्या लुगड्याचं ते दुपटं तिनं कितीतरी वर्षं कुणालाच दिलं नव्हतं. सगळं काम बेबीताईनंच केलं. चंदा शेवटपर्यंत मनगट देऊन बसली होती. मग म्हणाली, "गुंडाळू दे मले." प्रत्येक बाळाला गुंडाळायची तसंच तिनं त्याला गुंडाळलं, टोक आत खोचलं आणि प्रणालीच्या कुशीत दिलं. तिघीही मनसोक्त रडल्या. मॅडमच्या परवानगीनं गजेंद्रनं ते लेकरू आपल्या वावराच्या बांधावर पुरायला नेलं. दुपट्यासकट.

पुढच्या आठवड्यात वॉर्डात नवीन डॉक्टर आले. चंदानं त्यांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, थे काम मले सांगू नका." आणि तिथून निघून सरळ पडद्यापलीकडे गेली, तिथल्या फळीवर एक छोटा गठ्ठा ठेवला.

बेबीताईनं वरचं दुपटं उलगडलं. ते तिच्या दोन तळहातांत मावत होतं. "एवढंसं?"

"त्याइच्या मापाचं हाये," चंदा म्हणाली. "पाचच झाले. येळ कुठी भेटते?"

बेबीताईनं दुपटं पुन्हा घडी घालून ठेवलं. पदरानं नाक पुसलं. "या रविवारी माही ड्यूटी मीच करते," ती म्हणाली. "तू घरी बसून शीव."