काचेच्या पेटीतलं आभाळ

पौषातली पहाट सह्याद्रीच्या पठारावर उतरत होती. आधी जांभूळवर्णी, मग केशरवर्णी, मग शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी शुभ्र-गुलाबी. दवभरल्या करवंदीच्या जाळ्यांतून, नागमोडी पायवाटेने, दोन आकृती खोऱ्याकडे निघाल्या होत्या. पुढे नववीतली सारजा, मागे तिची आई ठकूबाई झोरे. आणि ठकूबाईच्या हाती ताज्या, कोमट दुधाची कासंडी.

नऊ वर्षांपूर्वी म्हशी वळता वळता लेकीने विचारलं होतं, आभाळ दुपारी निळं आणि सांजेला तांबडं का होतं. ठकूबाईला सांगता आलं नव्हतं. तो काटा काळजात रुतला, आणि त्याच जूनमध्ये तिने पोरीला खोऱ्यातल्या शाळेत घातलं.

धनगरवाड्यातल्या बायांनी नाकं मुरडली. दोन तासांची रानवाट, एकटी पोर, आणि म्हशींमागे जायचं कुणी?

म्हशींमागे ठकूबाईच गेली. रखरखत्या उन्हात गेली, दाटल्या धुक्यात गेली, धो धो कोसळत्या धारांत घोंगडीची खोळ घेऊन गेली.

आज शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, आणि सारजाने आईकडे दूध मागितलं होतं ते पाण्यात घालायला. ठकूबाईचा जीव क्षणभर चरकला. तिच्या दुधाला पाण्याचा थेंब कधी शिवला नव्हता. तरी तिने पहाटेची पहिली धार लेकीसाठी राखली.

वर्गाच्या खिडक्या लावल्या होत्या. अंधारात काचेची लांबट पेटी, पेटीत स्फटिकनिर्मळ पाणी, एका टोकाला पेटती बॅटरी. तालुक्याहून आलेले परीक्षक समोर उभे राहिले. सारजाने घाईत कासंडी कलती केली, आणि दूध भसकन ओतलं गेलं. पाणी पांढरंफटक झालं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

ठकूबाई मागच्या बाकावर पुढे सरकून बसली.

सारजाने मात्र मान खाली घातली नाही. "हा ढग झाला, सर," ती म्हणाली. "कण फार झाले, की सगळे रंग सारखेच उधळतात. म्हणून ढग पांढरा. आता आभाळ करते."

तिने पेटी रिती केली, विसळली, पुन्हा भरली. मग बोटाच्या टोकावरून थेंब सोडला. एक थेंब. आणखी एक. आणखी एक.

आणि पाण्याच्या कुशीत निळाई जागी झाली. धूसर, कोवळी, निरभ्र माघासारखी निळाई. पेटीच्या दुसऱ्या टोकाला प्रकाशाचं बिंब मात्र नारिंगी होत होत तांबूस झालं; काचेच्या वीतभर अंतरात जणू दुपार कलली आणि सांज झाली.

सारजा शांतपणे सांगत गेली. सूर्याच्या उजेडात सगळेच रंग असतात. हवेचे सूक्ष्म कण त्यातला निळा सर्वांत जास्त विखुरतात, म्हणून दिवसा चहूकडून निळंच दिसतं. सांजेला उजेड तिरपा येतो, हवेतून फार लांबची वाट चालतो. निळा वाटेतच उधळून जातो. तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो.

परीक्षकांनी विचारलं, ही कुणाची मुलगी?

विज्ञानाच्या बाई बोलण्याआधीच मागच्या बाकावरची ठकूबाई उठली. पदर सावरला, पाठ ताठ केली. "माझी," ती म्हणाली. "म्या म्हसरं राखली. ही शिकली."

दुपारी जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी एकच नाव पुकारलं गेलं. सारजा झोरे.

मायलेकी चढण चढून आल्या, तेव्हा वाड्यातल्या बाया कड्याकाठच्या कातळावर म्हशींची वाट पाहत होत्या. काय झालं ग, म्हणून त्यांनी ठकूबाईला पुसलं. ठकूबाईने पश्चिमेकडे बोट केलं, आणि लेकीकडे.

"तिला इचारा," ती म्हणाली, "आभाळ असं का रंगतं."

नाकं मुरडणाऱ्या त्या बाया सरकल्या, जागा झाली, सारजा मधोमध बसली. परतणाऱ्या म्हशींच्या शिंगांवर तांबूस तेज चढलं, सुरकुतल्या गालांवर तांबूस तेज चढलं. आणि साऱ्या माना, एकामागून एक, पोरीच्या शब्दांसरशी हळूहळू वर उचलल्या गेल्या.