नाववाला थांबेल का

दोन हजार तीन साली वरूडच्या बऱ्याच संत्राबागा वाळल्या आणि अब्दुल सत्तारच्या हाताला संत्र्याच्या पेट्या ठोकायचं काम उरलं नाही. तेव्हा अंदमानात राहणाऱ्या लेकीने, इफ्फतने, आईबापाला तिकडे यायला सांगितलं. फोनवर ती म्हणाली, "अब्बा, एक दिवस नाव करून आपण बेटावर जाऊ. तिथं दुकान नाही, घर नाही. नुसती पांढरी वाळू अन् नारळाची झाडं."

सत्तार हरखला. त्याची बायको जैनबबी मात्र पाण्याला भ्यायची. तिचा धाकटा भाऊ वर्धा नदीत डोंग्यातून पडून बुडाला होता. तिने फोन घेतला.

"नाव आमाले सोडून कुठं जाते?"

"परत जाते, अम्मी. तीन वाजता न्यायले येते."

"अन् नाही आली त? नाववाल्याचं पोट दुखलं त? तिथं हाक कोणाले मारू?"

सत्तार चिडला, "कावून पोरीचा जीव खाऊन राहिली?" जैनबबीने फोन त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तिनेच फोन लावला. "नाववाला आपल्यासंग थांबत असन त मी येईन. नाही त तुमी जा."

संध्याकाळी इफ्फतने कळवलं, नाववाला कबूल झाला. आजवर असं त्याला कोणी विचारलंच नव्हतं म्हणे.

"त्याच्या पोळ्या मी करीन," जैनबबी म्हणाली. मग तिने विचारलं, "तो तिखट खाते का?"