फळ्यावरचं शून्य

हार्लनने एल्रॉयचं कोपर धरून त्याला बाकाच्या टोकाला ओढलं आणि बेसबॉलच्या मैदानापलीकडच्या लाकडी फळ्याकडे हनुवटी उडवली.

"हिटच्या रकान्यात एक होता ना? बघ आता."

तिथे शून्य लटकत होतं. दुसऱ्या डावात हार्लनच्या हातून निसटलेल्या चेंडूला स्कोअररने आधी हिट, म्हणजे फलंदाजाचा खरा फटका, म्हटलं होतं. आता सहाव्या डावात मत बदलून त्याने ती हार्लनची चूक ठरवली होती. चुकीला काही हिट धरत नाहीत.

"माझ्या नावावर चूक लागली, आणि मला नाचावंसं वाटतंय!" हार्लन पुटपुटला.

म्हणजे चेंडू टाकणाऱ्या व्हर्ननने, त्यांच्या पिचरने, अजून एकही हिट दिलेला नव्हता. नऊ डाव असेच निभावले की नो-हिटर! एल्रॉय कॅचर होता, आठ वर्षं व्हर्ननचे चेंडू झेलत होता. या उंबरठ्यावर व्हर्नन पूर्वी दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा नवव्या डावात त्याचा हात आखडला होता. आता छत्तिसावं लागलेलं. चौथी संधी कोण देतंय?

"त्याला कळता कामा नये," एल्रॉय म्हणाला.

"मग त्याच्याशेजारी बसायचं की नाही?"

खरी गोम इथेच होती. नो-हिटर चालू असताना पिचरला बाकावर एकटं सोडायचं, त्याच्याशी अवाक्षर बोलायचं नाही, हा खेळाडूंचा पक्का नेम. पण एकटं सोडलं की त्याला तत्काळ सुगावा लागणार.

मग सगळ्यांनी नेम गुंडाळून ठेवला. प्रत्येक डावानंतर जो तो व्हर्ननला चिकटला. कुणी मेहुण्याच्या ट्रॅक्टरचं गाऱ्हाणं सांगितलं, कुणी बायकोच्या आईचं. चेंडू टाकायला जाताना फळा समोर येई, तेव्हा साडेसहा फुटी हार्लन मुद्दाम त्याच्यापुढून चाले.

नववा डाव. दोन बाद. तिसऱ्याने बॅट फिरवली आणि चेंडू सरळ आभाळात चढला. एल्रॉयने तोंडावरची जाळी काढून भिरकावली, कुंपणाकडे धावला, मान वर करून दोन पावलं मागे सरकला. चेंडू हातमोज्यात धप्पकन बसला. सगळं मिलब्रुक गाव बाकांवर उभं राहून ओरडू लागलं. एल्रॉयने व्हर्ननला उचलूनच घेतलं.

"नो-हिटर, लेका! एकही हिट नाही! फळा बघ!"

खाली ठेवताच व्हर्नन गवतावर मटकन बसला.

"ठाऊक आहे. सातव्यापासून."

"कुणी सांगितलं?"

"हार्लनने मला स्वतःच्या पुडीतल्या सूर्यफुलाच्या बिया खायला दिल्या. आठ वर्षांत कुणाला एक तरी दिलीय त्याने?"

"मग गप्प का बसलास, शहाण्या?"

व्हर्ननने बाहीने डोळे पुसले.

"तुमची तोंडं बघितली मी. मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं, तर तुमच्या हातातून चेंडू सुटले असते."