सॅन होजेचा विहार

एकनाथ मेश्राम डिसेंबरात नागपुरात वारले, तेव्हा त्यांची मुलगी आसावरी फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये लॅपटॉपसमोर बसून होती. आधीच्या नोकरीतून तिचा ले-ऑफ झाला होता. नव्या कंपनीने व्हिसाचे कागद दाखल केले होते, पण ते अजून मंजूर व्हायचे होते. आता देशाबाहेर गेलात तर परत येता येईल याची खात्री नाही, असं वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं.

"तू म्हणशील तसं करू," तिचा नवरा अंकुर म्हणाला. "परत नाही येता आलं तर नाही आलं, यार. तिकीट बुक करू?"

अडवलं ते आईने. "येऊ नको. तुझे बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

मग चुलतभावाने फोन धरला आणि घाटावरचं त्रिशरण-पंचशील आसावरीने स्क्रीनवर पाहिलं. मधेच नेटवर्क गेलं. पुन्हा आलं तेव्हा लोक पांगत होते.

पुढच्या रविवारी सकाळी शेजारच्या फुमिको आजींनी दार वाजवलं. नव्वदीला टेकलेल्या या जपानी बाई कॅलिफोर्नियातच जन्मल्या, वाढल्या आणि आता एकट्या राहत होत्या. नजर कमी झाल्यामुळे त्यांनी ड्राइव्ह करणं सोडलं होतं. सॅन होजेच्या जपानटाउनमध्ये त्यांचं बौद्ध मंदिर होतं. तिथे त्या दिवशी नव्या वर्षासाठी मोची, म्हणजे कुटलेल्या भाताचे मऊ लाडू, करायचे होते, आणि त्यांना नेणारा पुतण्या तापाने पडला होता.

"तुला जमेल का?" त्यांनी विचारलं. "नाही जमलं तर मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही."

आसावरीला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते तिच्या तोंडून निघत नव्हतं. तिने गाडीची किल्ली घेतली.

मंदिराच्या मागच्या अंगणात मोठमोठ्या भांड्यांतून भात वाफवत होते. तो भात उखळात घालून माणसं लाकडी मोगऱ्यांनी आळीपाळीने कुटत होती. लांब टेबलांभोवती बायका त्या गरम गोळ्याचे पेढ्यांएवढे लाडू वळत होत्या. कुणीतरी आसावरीच्या हातांना पीठ लावलं आणि तिच्यासमोर एक गोळा ठेवला. ती वळत राहिली. हात चालू होते म्हणून की काय, पहिल्यांदाच तिला रडू आलं.

"माझे बाबा गेले," ती शेजारी बसलेल्या फुमिको आजींना म्हणाली. "मला जाता आलं नाही."

आजींनी आपली खुर्ची तिच्या जवळ सरकवली आणि दोघींचे गोळे संपेपर्यंत तिच्या बाजूला बसून राहिल्या. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सरकारने आम्हा इथल्या सगळ्या जपान्यांना घरातून उचलून ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या छावणीत ठेवलं होतं. माझे आजोबा तिथे गेले. माझे वडील दुसऱ्या छावणीत होते, त्यांना येऊ दिलं नाही. त्यामुळे तुझं मला थोडंफार कळतं."

त्यानंतर पुतण्या बरा झाला, तरी आजींना मंदिरात न्यायचं काम आसावरीने सोडलं नाही. जानेवारी-फेब्रुवारीच्या पावसात ती मागच्या बाकावर बसायची, न कळणारी जपानी सूत्रं ऐकायची आणि हलकी होऊन घरी यायची. एप्रिलमध्ये बुद्धाच्या जन्माचा उत्सव आला. फुलांनी शाकारलेल्या छोट्या मांडवात बालबुद्धाची मूर्ती उभी होती. लोक पळीने तिच्यावर गोड चहा घालत होते. आसावरीची मुलगी सई रांगेत दोनदा जाऊन आली.

मग प्रार्थना सुरू झाली, आणि आसावरीने मान वर केली. चाल अनोळखी होती, उच्चारही वेगळे होते, पण शब्द बुद्धं सरणं गच्छामि हेच होते. पुढची ओळ तिच्या तोंडून आपोआप निघाली. घरी बाबा रोज संध्याकाळी दिवा लावून ती म्हणायचे, आणि तिला खेळ टाकून शेजारी बसावं लागायचं.

"तुला हे येतं?" आजींनी नंतर विचारलं.

"लहानपणापासून. आम्ही नागपूरचे बौद्ध आहोत, आजी."

"मग इतके महिने गप्प का बसलीस?"

"मला वाटलं, हे तुमचं आहे."

फुमिको आजी हसल्या. "अगं, आमच्याकडे ते तुमच्याकडूनच आलं ना."

जुलैत ओबोन होता, गेलेल्या माणसांच्या आठवणीचा सण. वर्षभरात ज्यांच्या घरातलं कुणी गेलं असेल त्यांची नावं तिथे वाचली जातात. आजींनी आसावरीला न विचारताच तिच्या बाबांचं नाव देऊन ठेवलं होतं. आदल्या आठवड्यात मंदिराच्या धर्मगुरूंचा फोन आला. "मेश्राम कसं म्हणायचं, जरा सावकाश सांगाल?" तिने सांगितलं, त्यांनी म्हणून दाखवलं, तिने दुरुस्त केलं, त्यांनी पुन्हा म्हटलं.

त्या दिवशी सभागृहात एकनाथ मेश्राम हे नाव मोठ्याने आणि अगदी बरोबर उच्चारलं गेलं. आसावरी उठली, पुढे गेली, धुपाची चिमूट निखाऱ्यावर टाकली आणि हात जोडले. अंकुर आणि सई तिच्या मागे उभे होते. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे गेलेल्यांसाठी रस्त्यावर कंदिलांखाली सगळे नाचायला उतरले. आसावरी कडेला थांबली होती.

"आई, कम ऑन," सईने तिचा हात ओढला. "आजी सेज यू हॅव टू बी हॅपी फॉर देम."

ती उतरली. पावलं चुकत होती, पण तिच्यापुढची बाई मागे वळून वळून दाखवत होती.

नोव्हेंबरात मंदिरासमोरच्या गिंकोच्या झाडाची पानं पिवळी झाली तेव्हा व्हिसाचे कागद मंजूर झाले. आसावरी नागपूरला जाऊन आली. आईच्या कुशीत पोटभर रडली आणि सगळं सांगितलं, मोचीपासून ओबोनपर्यंत.

"मला वाटायचं, तू तिकडे एकटीच रडत असशील," आई म्हणाली. "त्या बाईंना एकदा भेटायचंय मला."

मार्चमध्ये आई फ्रीमाँटला आली. पहिल्याच रविवारी तिने पांढरी साडी नेसली आणि गाडीत फुमिको आजींच्या शेजारी मागे बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मंदिराशी उतरल्यावर आईने हात जोडून "जय भीम, ताई" म्हटलं. आजींनीही हात जोडले आणि कमरेतून वाकल्या. मग त्यांनी आईचा दंड धरला, आणि आसावरी गाडी पार्क करून येईपर्यंत दोघी पायऱ्या चढून आत गेल्या होत्या.