सातवा ठिपका

गोल बटणाभोवती अकरा ठिपके होते, आणि बटणावरची पांढरी रेघ पहिल्या ठिपक्यावर होती. काल संध्याकाळी मी ती सातव्यावर ठेवून घरी गेले होते. हे मला नक्की आठवत होतं, कारण सातव्या ठिपक्याशेजारी मी पेन्सिलीने बारीक खूण केली होती आणि वहीतही लिहिलं होतं. भाऊजींकडून धूळ पुसताना फिरलं असेल, असं समजून मी रेघ पुन्हा सातवर आणली.

ते बटण आवाजातला घुमारा कमी-जास्त करायचं. पहिल्या ठिपक्यावर घुमारा शून्य, म्हणजे आवाज जसा आत गेला तसाच बाहेर. अकराव्यावर ठेवलं की रिकाम्या सभागृहात उभं राहून गायल्यासारखं वाटायचं.

ताईच्या घरातल्या मागच्या खोलीत आम्ही रेकॉर्डिंग करायचो. खिडकीला उभी गादी लावलेली, कपाटाची दारं सताड उघडी, म्हणजे आतल्या कपड्यांनी आवाज शोषून घ्यावा. रेकॉर्डिंगला अशी खोली चांगली, पण गाणाऱ्याला नकोशी वाटते. तोंडातून निघालेला सूर तिथेच विरतो. तोंडावर उशी धरून गायल्यासारखं वाटतं, असं ताई म्हणायची. म्हणून तिला हेडफोनमध्ये थोडा घुमारा हवा होता. कॉम्प्युटरमधला घुमारा आम्ही देऊन पाहिला होता, पण तो सेकंदाचे बारा-तेरा सहस्रांश उशिरा यायचा. ताईला ते पहिल्याच ओळीत कळलं. "माझ्या मागून कुणीतरी चालतंय," ती म्हणाली आणि हेडफोन काढून ठेवले.

त्यामुळे घुमारा देणारा वेगळा खोका घ्यायचा, पण परवडणारा, असं ठरलं. जुन्या यंत्रांचा धंदा करणारे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना भंगारकाका म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. त्यांनी तीन खोके चार दिवसांसाठी दिले होते. गिटारवाल्यांचा पायाने दाबायचा छोटा खोका पहिल्याच दिवशी बाद झाला, माइक जोडला की तो कुकरसारखा फुसफुसायचा. राहिले दोन. एक लांबट पत्र्याचा, ज्यात खरोखरच्या स्प्रिंगा होत्या आणि आवाज त्या स्प्रिंगांमधून थरथरत जायचा. दुसरा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा डिजिटल, अकरा ठिपक्यांचा. त्याचा घुमारा लांब आणि रेशमी होता. आज पाच वाजेपर्यंत एक ठेवून बाकीचे परत करायचे होते.

आणि सहा वाजेपर्यंत ताईचं गाणं पाठवायचं होतं.

एका नव्या संगीत नाटकाला मुख्य आवाज हवा होता. ताईच्या गळ्यावर शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झाले होते. स्वरतंतूवरची गाठ छोटी होती, पण त्या आठ महिन्यांत तिला कुणी गायला बोलावलं नव्हतं. हे पहिलंच बोलावणं. नाटकवाल्यांच्या पत्रात दोनच अटी होत्या: तीन मिनिटांचा आवाज कोरा पाठवावा, म्हणजे त्यावर कसलाही घुमारा नको, आणि पट्टी गायिकेने आपली आपण ठरवावी.

पट्टीचं ताईने ठरवलेलंच होतं. पूर्वी होती तीच. तिच्या बरोबरीचे गाणारे तिला 'तार' म्हणायचे, कारण इतर जणी जिथे थांबायच्या तिथून ती वर निघायची.

दोन वाजता आम्ही सुरुवात केली. भाऊजी कीबोर्डवर बसले. छापखान्यातून अर्धी रजा टाकून आले होते, मनगटाला अजून निळी शाई होती. मी टेबलापाशी, कॉम्प्युटरसमोर. माइकची एक वायर सरळ माझ्याकडे यायची, तो कोरा आवाज. दुसरी खोक्यातून ताईच्या आणि भाऊजींच्या हेडफोनमध्ये जायची. म्हणजे त्या खोलीत ताईचा खरा आवाज ऐकणारी मी एकटी होते.

"हा पत्र्याचा आधी," मी म्हणाले.

पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत शेजाऱ्यांचं दार आपटलं आणि स्प्रिंगा झणझणल्या.

"भांड्यांची मांडणी पडली का गं?" ताई म्हणाली.

"आपल्या बाथरूममध्ये यापेक्षा बरा घुमतो आवाज," भाऊजी म्हणाले. "तोही फुकट."

"तिथे तुमची चड्डी वाळत असते. तिच्याकडे बघून सूर लागतो का?"

आम्ही तिघं हसलो. मी दुसऱ्या खोक्याची वायर जोडली. ताईने डोळे मिटले आणि गायला लागली.

खालचे सूर पूर्वीपेक्षा भरदार झाले होते. हे मला महिनाभरापासून जाणवत होतं. मग ओळ वर चढली, आणि शेवटच्या सुरावर आवाज फाटला. फार नाही. कापडाचा एक धागा उसवावा इतकाच. माझ्या कानात ते स्पष्ट आलं. भाऊजींनी मात्र मान डोलावली. "वा!"

"झाला का?" ताईने मला विचारलं.

"चांगला होता. आणखी एकदा घेऊ."

दुसऱ्यांदा तिथेच फाटला. तिसऱ्यांदाही तिथेच.

मी एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, सूर ऐकवायचे, आलेख काढायचा आणि मग समोर बसून सांगायचं: उजव्या कानाने तुम्हाला इतकं कमी ऐकू येतं, हे भरून येणार नाही. दिवसाला सात-आठ जणांना सांगते. आवाज हलत नाही माझा. पण गेले आठ महिने दर रविवारी ताईचा सराव मी रेकॉर्ड करत होते आणि तिला ऐकवण्याआधी प्रत्येक वेळी त्यावर कॉम्प्युटरमधून घुमारा चढवत होते. पहिल्या रविवारी वाटलं, आज नको, अजून जखम ओली आहे. दुसऱ्या रविवारीही तेच वाटलं. मग सवय झाली. कोरा आवाज मी तिला एकदाही ऐकवला नाही.

"अजून एकदा?" ताईने विचारलं. साडेतीन वाजले होते.

"घसा दुखत नसेल तर."

"कशासाठी? हा चांगला नव्हता का?"

"ठीक होता."

"ठीक म्हणजे किती डेसिबल, शहाणे?"

भाऊजी हसले. मी हसले नाही. तेवढ्यात माझा फोन थरथरला. भंगारकाका होते.

"काय मॅडम, कोणता ठेवताय? डिजिटलवर दुसऱ्या एकाचा डोळा आहे. पाचनंतर मी शब्द देत नाही बरं का. त्याच्यात बेडूकसुद्धा गोड गातो!"

खोलीत इतकी शांतता होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं. "कळवते, काका," म्हणून मी फोन ठेवला.

"बेडकाचाच आहे तर घेऊन टाका," भाऊजी म्हणाले, पण ताई हसली नाही. ती टेबलापाशी आली आणि बटणाकडे बघत राहिली.

"हे परत सातवर कुणी आणलं?"

"मी. कुणीतरी एकवर नेलं होतं. मला वाटलं, धूळ पुसताना..."

"मी नेलं होतं," ताई म्हणाली. "सकाळी. तुम्ही दोघंही नव्हतात. तुझ्या त्या कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही गं, हजार खिडक्या उघडतात. पण हे बटण हाताला लागलं. म्हटलं, डावीकडे फिरवून बघू काय होतं."

मी माउसवरचा हात काढला.

"आधी वाटलं खोका बिघडला. दोनदा बंद करून चालू केला." ती खुर्चीवर बसली. "मग कळलं, खोका बरा आहे."

भाऊजींनी हेडफोन काढले. "काय झालं? कशाबद्दल बोलताय तुम्ही दोघी?"

"त्यांना ऐकव," ताई मला म्हणाली. "आत्ताचा. कोरा."

मी शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. ओळ वर गेली, धागा उसवला. भाऊजी कीबोर्डच्या पट्ट्यांकडे बघत होते. गाणं संपल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

"तू आज सांगशील असं मला वाटलं होतं," ताई म्हणाली. "तीनदा गायले. तीनदा तुझ्या तोंडाकडे बघितलं. तीनदा तू म्हणालीस, आणखी एकदा."

"ताई..."

"रडू नकोस. दवाखान्यातल्या माणसांपुढे रडतेस का? त्यांना सांगतेस तसं सांग. तो सूर परत येणार आहे?"

मी वही उघडली. त्यात प्रत्येक रविवारची नोंद होती: कोणत्या सुरावर आवाज फाटला आणि कितव्यांदा. वही समोर असली की बोलता येतं.

"पाचव्या महिन्यापर्यंत सुधारत होतं. नंतर थांबलं. तीन महिन्यांत काहीच फरक नाही. कधीच येणार नाही असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण मी त्याची वाट बघणार नाही." मी श्वास घेतला. "आणि त्याच्या दोन सूर खाली एकदाही फाटलेला नाही. आठ महिन्यांत एकदाही नाही. खालचा आवाज तुझा पूर्वी असा नव्हता. आता आहे."

"हे वहीत लिहिलंय?"

"लिहिलंय."

तिने वही ओढून घेतली आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली. भाऊजी मनगटावरची शाई अंगठ्याने घासत होते. तिच्या आवाजाचं कौतुक सगळ्यांत जास्त त्यांनी केलं होतं, 'तार' हे नावही मुळात त्यांचंच.

"पत्र्याचा जोड," ताई म्हणाली.

"पण तो झणझणतो."

"झणझणू दे. शेजाऱ्यांना सांगून येऊ, दोन तास दारं सांभाळा म्हणून. त्याचा घुमारा आखूड आहे, सूर संपायच्या आत विरतो. शेवट कसा झाला ते मला ऐकू येतं." तिने बेडकाच्या खोक्याची वायर स्वतःच्या हाताने उपसली. "हा काकांना देऊन टाक."

मी वायरी बदलल्या. एक वायर दोनदा चुकीच्या भोकात गेली. ताईने हेडफोन घातले आणि ती माइकसमोर उभी राहिली. कीबोर्डवर पट्टी वर-खाली करायचं एक छोटं बटण असतं. भाऊजींनी शाईचं बोट त्याच्याजवळ नेऊन ठेवलं होतं, पण दाबलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते.

ताईने घसा खाकरला.

"अहो," ती म्हणाली, "दोन सूर खाली घ्या."