पाण्यात सरकलेलं बेट

“बाई, तुमच्या त्या म्हाताऱ्यानं आज पुन्हा आपलं बेट पाण्यात ढकललंय!”

म्हातारा म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना हवामान उपग्रह आहे. साडेआठशे किलोमीटर उंचीवरून दिवसाला चौदा फेऱ्या मारतो. रोज सकाळी कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, तेव्हा तिथल्या कोळ्यांचं बिनतारी संचावरचं बोलणं अगदी कानाशी ऐकू येतं. बारा मिनिटं. मग बेट क्षितिजाआड जातं.

माझ्या पोटात एक आरसा आहे. तो सेकंदाला सहा वेळा फिरतो नि खालचे ढग ओळीओळीनं टिपतो. ते चित्र कुणालाही घेता येतं. तांब्याच्या नळ्यांचा घरगुती अँटेना असला तरी पुरे. कोळ्यांना रोज हवामान सांगणाऱ्या कासिल्दाबाईंच्या छपरावर तसाच एक आहे. बाई शाळेतून निवृत्त झाल्या, त्याच वर्षी मीही. बॅटऱ्या मेल्या होत्या. अंधारात मी मुका होतो, ऊन लागलं की बोलतो. एकेकाळी माझ्या चित्रांवरून गावंच्या गावं वादळाआधी हलवली होती. निवृत्तीनंतर जमिनीवरून रोज माझं घड्याळ लावून देणं तेवढं थांबलं. एवढीशी गोष्ट, कोण लक्ष देतो?

घड्याळ मागे पडत गेलं. मी चित्रासोबत वेळ पाठवतो आणि त्या वेळेवरून बाईंचा संगणक चित्रात बेटाच्या किनाऱ्याची रेघ काढतो. नऊ सेकंद चुकले की रेघ साठ किलोमीटर चुकते. आकाश निरभ्र असलं की चूक दिसायची, बेट वर आणि रेघ खाली पाण्यात. त्या रेघेपासून मोजलं तर वादळही आहे त्याहून उत्तरेला वाटायचं.

“बेट वाहत चाललंय, नांगर टाका रे!” म्हातारे कोळी एवारिस्तोकाका खिदळायचे.

“गप्प बसा, काका. रेघ सरकवते मी वर,” बाई म्हणायच्या.

मग एका सकाळी बेट ढगांखाली गडप होतं. रेघ जुळवणार कशाशी?

“वादळ उत्तरेला निघून गेलंय, नेरेओ. जाऊन ये,” मासेमारीला निघालेल्या एका कोळ्याला बाई म्हणाल्या.

वादळ कुठे होतं ते मी पाहिलं होतं, मित्रांनो. चांगलं डोळे भरून पाहिलं होतं. पाठवलं मात्र चुकीचं.

बाई रोज सकाळी होड्यांची हजेरी घेतात.

“सान रोके?”

“हजर, बाई, आणि उपाशी!”

“ला गार्सा?”

ही नेरेओची होडी. उत्तर येत नाही. मग कुणीतरी घाईनं बोलतं.

“इंधन संपलं असेल. पलीकडच्या किनाऱ्याला लागला असेल.”

“तिथली बिअर गोड लागली असेल लेकाला,” एवारिस्तोकाका म्हणतात. आता कुणी हसत नाही.

“त्याचा भात झाकून ठेवलाय,” नेरेओची बायको फिदेलिना घरच्या संचावरून सांगते. रोज सांगते.

मित्रांनो, एकच मागणं आहे. ज्याला कामावरून काढाल, त्याला नीट बंद तरी करा, नाहीतर त्याचं घड्याळ लावत राहा. अर्धवट सोडलेलं यंत्र बोलायचं थांबत नाही, आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवत राहतात.

नेरेओ गेल्यापासूनच्या तेविसाव्या सकाळी मी पुन्हा वर आलो.

“ला गार्सा?”

खरखर. मग फिदेलिनाचा आवाज.

“बाई, त्या दिवशी तुम्ही रेघ वर सरकवली होती ना?”

माझी बारा मिनिटं संपत आली होती. बेट कडेला गेलं होतं.

“नाही गं, पोरी,” बाई म्हणाल्या. “नव्हती सरकवली. मीच त्याला वादळात पाठवलं. नेरेओ आता येणार नाही.”